लाल आधी, काळा नंतर

चावी फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि इंजिन सुरू होण्याऐवजी नुसताच ‘कट-कट-कट’ असा आवाज आला. हा आवाज तुम्ही कधी ना कधी ऐकला असेलच. नसेल ऐकला, तर एखाद्या सकाळी ऐकाल, आणि ती सकाळ नेमकी घाईची असेल. बॅटरी उतरते हळूहळू, पण आपल्याला कळतं ते एकदम.

अशा वेळी आपल्याकडे तीन उपाय ठरलेले आहेत. चार माणसं गोळा करून गाडीला धक्का मारायचा, शेजाऱ्याच्या गाडीला वायरी जोडून वीज उसनी घ्यायची, नाहीतर मेकॅनिकला फोन करून त्याची वाट बघत बसायचं. गेल्या काही वर्षांत चौथा उपाय आला आहे, तो म्हणजे पोर्टेबल जंप स्टार्टर. एखाद्या जाडजूड पुस्तकाएवढा डबा, त्याला एक छोटी वायर आणि वायरीच्या टोकांना दोन चिमटे, एक लाल, एक काळा. दुसरी गाडी लागत नाही, धक्का मारायला माणसं लागत नाहीत.

तो डबा तुमच्याकडे असेल किंवा तुम्ही घ्यायच्या विचारात असाल, तर मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. अंधारात, थंडीत, घाईत तो डबा तुमच्या घरात नक्की कोण वापरणार आहे? आणि त्या माणसाला तो वापरता येतो का?

आमच्या घरी हा प्रश्न का आला

आमचं घर नाशिकला. नाशिकची थंडी तुम्ही बातम्यांमध्ये वाचली असेल. निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात आणि त्यांचे फोटो छापून येतात. ती थंडी शहरातही पोचतेच.

माझ्या बाबांचं आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस असतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातची वेळ. चार तास मशीनवर. त्यांच्यानंतर त्याच मशीनवर दुसरं कोणीतरी येणार असतं, त्यामुळे उशीर झाला तर तो आपल्याच वेळेतून कापला जातो. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. डायलिसिसची वेळ चुकणं म्हणजे सिनेमाचा शो चुकणं नव्हे. शरीरात पाणी साठत जातं, पोटॅशियम वाढत जातं आणि पुढचा दिवस जड जातो.

गाडी पूर्वी बाबाच चालवायचे. आता आई चालवते. बाबांच्या डाव्या हातात फिस्टुला आहे. डायलिसिसची सुई जिथे टोचतात ती, शस्त्रक्रिया करून जोडलेली रक्तवाहिनी. त्या हाताने वजन उचलायचं नसतं, जोर लावायचा नसतो. म्हणजे गाडीला धक्का मारणं त्यांच्यासाठी बाद. मी नोकरीनिमित्त पुण्यात. उरली आई, अठ्ठावन्न वर्षांची. तिने गाडी चालवायला पन्नाशीनंतर शिकली, आणि बॉनेट म्हणजे पुरुषांनी उघडायची गोष्ट असं मानणाऱ्या घरात तिची सगळी वर्षं गेली.

जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी सव्वासहाला गाडीने ‘कट-कट-कट’ केलं. शेजारचे काका गावाला गेलेले. मेकॅनिकचा फोन बंद. शेवटी आईने मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाऊन रिक्षा आणली, आणि बाबा शाल गुंडाळून, मफलर बांधून त्या वाऱ्यात रिक्षाने गेले. त्या दिवशी त्यांना चारऐवजी तीनच तास मिळाले. गुरुवारभर पायांवर सूज होती.

फोनवर आई एवढंच म्हणाली, “गाडी दारात उभी आहे आणि उपयोग नाही. याच्यासारखं वाईट वाटत नाही दुसरं.”

पुढच्या शनिवारी मी जंप स्टार्टर घेऊन घरी गेले.

बॅटरीच्या पोटात काय असतं

डबा वापरण्याआधी बॅटरी समजून घ्यायला हवी, कारण जपायचं असतं ते तिच्यापासूनच.

आपल्या बहुतेक पेट्रोल आणि डिझेल गाड्यांमध्ये १२ व्होल्टची शिसे आणि आम्लाची बॅटरी असते. १८५९ साली गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी बनवली, तिचंच हे आजचं रूप. आत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणून पूर्ण भरलेली, निवांत बसलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. १२ च्या खाली गेली की ती रिकामीच समजायची. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तिला पुन्हा भरायला लागतो.

सेल्फ मारताना मात्र बॅटरीला एक-दोन सेकंदांत शंभर ते काही शे अँपियर एवढा प्रवाह द्यावा लागतो. थंडीत तिच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि त्याच वेळी इंजिनमधलं ऑइल घट्ट होऊन सेल्फवरचं काम वाढतं. ताकद कमी, काम जास्त. मात्र बॅटरीचं खरं नुकसान करतो तो आपला उन्हाळा. उष्णतेने ती आतून झिजत जाते, आणि ती झीज उघडी पडते थंडीतल्या सकाळी.

आता धोक्याचं. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, म्हणून लोक बॅटरीला गमतीत घेतात. धोका शॉकचा नाही, तीन वेगळ्या गोष्टींचा आहे.

पहिली गोष्ट, प्रवाह. एखादा पाना किंवा बोटातली अंगठी एकाच वेळी बॅटरीच्या प्लस टोकाला आणि दुसऱ्या टोकाला किंवा गाडीच्या धातूला टेकली, तर तो धातू क्षणात लालबुंद तापतो. अंगठी बोटात असताना असं झालं तर बोट किती भाजेल, तुम्हीच विचार करा.

दुसरी, वायू. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून थोडा हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी त्याला पेटवायला पुरते. बॅटरी फुटल्याच्या ज्या घटना आपण ऐकतो, त्यांच्यामागे पुष्कळदा हेच असतं.

तिसरी, आम्ल. आत सल्फ्युरिक आम्ल असतं. ते डोळ्यात गेलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली डोळा धरून निदान पंधरा-वीस मिनिटं धुवायचा आणि तसंच डॉक्टरकडे जायचं. चोळायचं नाही, घरगुती औषध घालायचं नाही.

बाबांचं हँडल

डबा बघून बाबांनी तो हातात उलटसुलट केला आणि म्हणाले, “हा मोबाईलचा चार्जर गाडी चालू करणार?”

त्यांचा प्रश्न वाजवी होता. त्यांनी बालपणी त्यांच्या काकांची अँबॅसडर बघितली होती. बॅटरी उतरली की तिच्या पुढच्या बाजूने लोखंडी हँडल घालून ते हाताने फिरवायचं. बाबांनी आम्हाला सांगितलं, हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. कारण इंजिनने उलटा झटका दिला तर वळवलेला अंगठा मोडतो. त्यांच्या काकांनी ही गोष्ट त्यांना गाडी शिकवण्याच्याही आधी शिकवली होती.

याच हँडलपासून सुटका व्हावी म्हणून अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये तो बसवला गेला. तेव्हापासून बॅटरी ही गाडी सुरू करण्याची किल्ली झाली.

बाबांचं बोलणं ऐकताना मला वाटलं, हँडलला जसा अंगठ्याचा नियम होता, तसा या डब्यालाही आहे. फक्त तो सांगणारे काका आता नाहीत. त्यांच्या जागी एक घडीची पुस्तिका आहे, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत.

डब्यात काय असतं, आणि घेताना काय बघायचं

डब्याच्या आत लिथियमच्या बॅटऱ्या असतात, मोबाईलच्या पॉवर बँकेसारख्याच. फरक एवढा की त्या काही सेकंदांसाठी खूप मोठा प्रवाह देऊ शकतात. चांगल्या डब्याच्या वायरीवर एक छोटी डबी असते. ती आधी तपासते की चिमटे बरोबर टोकांना लागलेत का, एकमेकांना चिकटलेत का, वायर जास्त तापली आहे का. काही चुकलं असेल तर ती लाल दिवा लावते, आवाज करते आणि प्रवाह सोडतच नाही.

घेताना तीन गोष्टी बघा. तुमच्या गाडीचं इंजिन किती लिटरचं आहे आणि पेट्रोल की डिझेल, आणि डबा तेवढ्या इंजिनासाठी आहे का. डिझेलला जास्त ताकद लागते. दुसरं, उलट्या जोडणीपासून आणि शॉर्ट सर्किटपासून संरक्षण आहे असं स्पष्ट लिहिलेलं आहे का. तिसरं, खोक्यावरच्या ‘पीक अँपियर’च्या भल्यामोठ्या आकड्याने भुलू नका. तो क्षणभराचा सर्वोच्च आकडा असतो. इंजिन फिरवायला काही सेकंद टिकणारा प्रवाह लागतो, आणि तो त्याहून बराच कमी असतो.

आईचं कार्ड

माझं काम लिहिण्याचं आहे. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि आता दिवसभर वस्तूंची माहिती लिहिते, कधी मिक्सरची, कधी गीझरची. त्या पुस्तिकेतलं इंग्रजी मला एका बैठकीत कळलं. पण सकाळी सव्वासहाला बॉनेटपाशी मी उभी असणार नव्हते. आई असणार होती.

म्हणून रविवारी आम्ही दोघींनी चहा घेतला, गाडीचं बॉनेट उघडलं आणि एका जाड कार्डावर मराठीत क्रम लिहायला घेतला. अट एकच होती, प्रत्येक शब्द आईच्या तोंडातला हवा. ‘क्लॅम्प’ला ती चिमटा म्हणाली. ‘टर्मिनल’ला टोक. किती सेकंद सेल्फ मारायचा हे तिने घड्याळात नाही, मोजण्यात बसवलं. पुस्तिका शेजारी उघडी होती आणि प्रत्येक ओळ मी तिच्याशी ताडून बघत होते.

कार्ड असं तयार झालं:

१. चावी बंद. दिवे, एसी, रेडिओ, मोबाईलचं चार्जिंग, सगळं बंद. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला.

२. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून पर्समध्ये. ओढणी कमरेला घट्ट. चष्मा डोळ्यावर.

३. डब्याचं बटण दाबून दिवे बघ. निम्म्याहून कमी असतील तर आधी तो चार्ज कर.

४. बॅटरी नीट बघ. फुगली आहे, चिरली आहे, ओली आहे किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतोय, तर हात लावू नकोस. बॉनेट बंद, मेकॅनिकला फोन.

५. लाल चिमटा प्लसच्या टोकाला. हलवून बघ, घट्ट बसला का.

६. काळा चिमटा मायनसला. दोन चिमटे एकमेकांना लागू द्यायचे नाहीत.

७. आता वायर डब्यात खोच. हिरवा दिवा लागला तर पुढे. लाल दिवा किंवा आवाज आला तर थांब, वायर काढ, चिमटे तपास.

८. डबा आणि वायर पंख्यापासून, बेल्टपासून लांब, पडणार नाही अशा जागी.

९. सेल्फ मार. मनात एक, दोन, तीन. सुरू नाही झाली तर सोड. एक मिनिट थांब. असं तीनच वेळा, चौथ्यांदा नाही.

१०. सुरू झाली की गाडी बंद करायची नाही. आधी वायर डब्यातून काढ, मग काळा चिमटा, मग लाल.

शेवटी लाल शाईने: लावताना लाल आधी, काढताना काळा आधी.

हा लाल-काळ्याचा क्रम कशासाठी, हे आईने विचारलं आणि ते तुम्हालाही सांगते. गाडीचं सगळं धातूचं अंग बॅटरीच्या मायनसला जोडलेलं असतं. काळा चिमटा आधी लावला आणि लाल लावताना तो बॉडीला कुठे घासला, तर ठिणगी उडते. लाल आधी लावला तर तो धोका टळतो. काढताना काळा आधी काढला की मार्ग तुटतो, आणि मग लाल कुठे टेकला तरी काही होत नाही.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, प्रत्येक डब्याचा क्रम अगदी हाच असेल असं नाही. काही पुस्तिका काळा चिमटा बॅटरीच्या टोकाला न लावता इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला लावायला सांगतात, म्हणजे ठिणगी उडालीच तर बॅटरीतल्या वायूपासून लांब उडावी. काही पुस्तिकांत वायर आधी डब्यात खोचायची असते. तुमच्या पुस्तिकेत जे असेल तेच तुमच्या कार्डावर लिहा. काही गाड्यांची बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते आणि बॉनेटमध्ये जोडणीसाठी वेगळी टोकं दिलेली असतात, तेही गाडीच्या पुस्तिकेत सापडतं.

दुसरी, पुष्कळ डब्यांवर ‘बूस्ट’ नावाचं बटण असतं. बॅटरी इतकी उतरली असेल की डब्याला ती लागलेली आहे हेच कळत नाही, तेव्हासाठी ते असतं. पण ते दाबलं की बहुतेक डब्यांमधलं संरक्षण बंद होतं. चिमटे उलटे असले तरी डबा प्रवाह सोडतो. आमच्या डब्यावरच्या त्या बटणावर आम्ही चिकटपट्टी लावली. बूस्टची गरज पडेल इतकी बॅटरी मेली असेल तर मेकॅनिकच बोलवायचा, असं ठरवून टाकलं.

कार्ड लॅमिनेट करून आईने ते डब्याच्या पाऊचमध्ये ठेवलं. मग तिने तो सगळा क्रम तीन वेळा केला, सेल्फ न मारता. तिसऱ्या वेळी कार्ड बाबांच्या हातात होतं आणि ते मोठ्याने वाचत होते. “अहो, जरा हळू वाचा,” ती म्हणाली, “चिमटा बसू दे आधी.” गाडीशी बाबांचा तुटलेला संबंध त्या दुपारी थोडा परत आला.

हे कधीच करू नका

रस्त्यावर गाडी अडली की मदत करणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. ट्रकवाले दादा हमखास थांबतात आणि वायर जोडून देतो म्हणतात. पण मोठ्या ट्रकमध्ये आणि बसमध्ये सहसा २४ व्होल्टची यंत्रणा असते. ती १२ व्होल्टच्या कारला जोडली तर कारची इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात. मनापासून आभार माना आणि नको म्हणा. तसंच आपला १२ व्होल्टचा डबा २४ व्होल्टच्या गाडीला लावू नका.

ऑटोमॅटिक गिअरची गाडी धक्का मारून सुरू करायचा प्रयत्न करू नका. तशी ती होत नाही, आणि गिअरबॉक्सला इजा होण्याची भीती असते.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतही सहसा एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली की गाडी जागी होत नाही. तिला डबा लावायचा की नाही, कुठे लावायचा, हे फक्त त्या गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवा. केशरी रंगाच्या जाड वायरींना मात्र कधीही हात लावू नका. त्या उच्च दाबाच्या असतात.

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, आणि तो जीवघेणा आहे. बॅटरीजवळ काडी, विडी, सिगारेट नको. वाकून बघायला लायटर पेटवणारी माणसं मी पाहिली आहेत. मोबाईलचा टॉर्च आहे ना, तो वापरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. घरात कोणाची तब्येत अचानक बिघडली असेल तर गाडी सुरू करण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. डबा रोजच्या अडचणीसाठी आहे, जीव वाचवण्याच्या शर्यतीसाठी नाही.

पार्किंगमधली दुपार

फेब्रुवारीत त्या डब्याची वेळ आली. बाबांचं डायलिसिस संपलं. त्यानंतर त्यांना थकवा असतो, कधी चक्कर येते. आईने त्यांना गाडीत बसवलं, चावी फिरवली, आणि पुन्हा तोच आवाज.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आहे, पण मुद्द्याच्या गोष्टी जुळतात. आईने बाबांना परत आत नेऊन बाकावर बसवलं, डबा काढला, बांगड्या पर्समध्ये टाकल्या. तेवढ्यात पार्किंगमधला एक जण धावत आला. “मावशी, द्या इकडे, तुम्हाला नाही जमणार,” म्हणत त्याने चिमटे घेतले आणि भराभर लावले. आईने वायर डब्यात खोचताच डबा ओरडायला लागला. लाल दिवा. त्याने लाल चिमटा मायनसला लावला होता. डब्याने प्रवाह सोडला नाही म्हणून निभावलं.

“थांबा दादा,” आई म्हणाली, “मला कार्डाप्रमाणे करू द्या.”

तिने वायर काढली, चिमटे काढले आणि पाचव्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. हिरवा दिवा लागला, पण पहिल्या सेल्फला गाडी हलली नाही. तिने मिनिटभर थांबून बघितलं. प्लसच्या टोकावर पांढरट-निळसर पावडर साठलेली होती, त्यामुळे चिमट्याला धातूच नीट भेटत नव्हता. तिने वायर पुन्हा काढली, चिमटा थोडा फिरवून पावडरीखालच्या धातूपर्यंत बसवला आणि वायर खोचली. एक, दोन, आणि गाडी सुरू झाली.

बाबा आतल्या बाकावरून काचेतून बघत होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, “आता गाडीचंही डायलिसिस सुरू झालं म्हणायचं.” आई हसली. संध्याकाळी फोनवर हे सांगतानाही ती हसत होती, आणि मी फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले.

गाडी सुरू झाली म्हणजे काम संपलं नाही

जंप स्टार्टर बॅटरी भरत नाही. तो फक्त इंजिनला पहिला धक्का देतो. भरण्याचं काम अल्टरनेटर करतो, आणि त्याला वेळ लागतो. दहा मिनिटं जागेवर उभी ठेवून इंजिन चालवल्याने फारसं काही होत नाही. निदान अर्धा-पाऊण तास गाडी चालवायला हवी, आणि पार उतरलेली बॅटरी तेवढ्यानेही पूर्ण भरत नाही. तिला साध्या चार्जरवर लावावं लागतं.

महिन्यात दुसऱ्यांदा डबा लागला, तर तो इशारा समजा. आपल्या हवामानात बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. बॅटरीवाल्याकडे मीटर लावून तपासून घ्या. आमची चार वर्षांची होती. तपासल्यावर ती संपलेली निघाली आणि आम्ही त्याच आठवड्यात नवी बसवली. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यातलं शिसं माणसाला आणि जमिनीला विषारी आहे. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि किमतीत सूटही देतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी तर वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवरच टाकली आहे.

टोकांवरची ती पांढरी-निळी पावडर मेकॅनिककडून महिन्या-दोन महिन्यांनी साफ करून घ्या. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मध्ये एकदा चांगली फिरवून आणा.

आणि डब्याची काळजी. तो कायम गाडीत ठेवायची गोष्ट नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत इतकी उष्णता साठते की लिथियम बॅटरी खराब होते, आणि फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. आमच्याकडे तो दाराजवळच्या कपाटात असतो, आणि बाबांच्या फायलीबरोबर पिशवीत जातो आणि परत येतो. दर महिन्याच्या एक तारखेला त्याचे दिवे बघायचे आणि गरज असेल तर चार्ज करायचा, हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलं आहे. कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी त्याचीही नोंद असते. डबा फुगलेला दिसला, पडून चेपला किंवा ओला झाला, तर तो पुन्हा वापरू नका.

तुमच्या घरासाठी

यातलं सगळं तुमच्या लक्षात राहणार नाही, आणि राहायची गरजही नाही. तुम्ही चेन्नईत असा, इंदूरला असा किंवा सांगलीला, घरात गाडी असेल तर या रविवारी अर्धा तास काढा. उजेडात, निवांतपणे बॉनेट उघडा. प्लसचं टोक कुठे आहे ते शोधा. बहुतेक गाड्यांत त्यावर लाल टोपण असतं. घरात जो सगळ्यात कमी वेळा बॉनेट उघडतो, त्याच्या हातात पेन द्या आणि क्रम त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, मग तो मराठीत असो, तमिळमध्ये असो की दोन भाषांच्या मिश्रणात. नंतर सेल्फ न मारता एकदा सगळं करून बघा.

कार्ड डब्याबरोबर ठेवा, कपाटात नको. आणि अक्षर मोठं काढा. सकाळी सव्वासहाला चष्मा सापडत नाही.